डाव्या अंगाला

चाकणला माझ्या सासरी चुलीभोवती बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. चुलीपुढे सासूबाई, भाकऱ्या थापायला. त्यांच्या उजव्या हाताला, रांजणाच्या बाजूला, थोरल्या जाऊबाई. डाव्या हाताला दाराशी मी, कारण मी धाकटी सून. पुरुष जेवून उठले की आम्ही तिथेच ताटं घेऊन बसायचो आणि सासूबाई तव्यावरची भाकरी सरळ जिच्या तिच्या ताटात टाकायच्या. जागा बदलायचं कोणाच्या मनातही येत नसे. दुसरी रीत अशी, की धाकट्या सुनेनं सासूपुढे आपणहून तोंड उघडायचं नाही. काही हवं असलं तर पदर सावरून जवळ जाऊन उभं राहायचं. त्यांनी ‘काय गं?’ म्हटलं की मग सांगायचं. मी चिंचवडची, सातवी पास झालेली आणि नाकावर राग घेऊनच जन्माला आलेली. तरी ही रीत मी पाळली. माहेरच्यांना कोणी नावं ठेवू नयेत म्हणून पाळली.

सासूबाईंनी पहिलं वर्षभर मला फार जपलं, हेही सांगायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की त्या खाष्ट होत्या. माझं बोलणं त्यांना शुद्ध वाटायचं, म्हणून मला ‘मास्तरीण’ म्हणायच्या. भाकरीचा फुगलेला पापुद्रा मला आवडतो हे त्यांनी आठवड्याभरात ओळखलं होतं. पहिली टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात पडायची आणि जाऊबाई लटक्या रागानं म्हणायच्या, “आमी काय सवतीच्या हाय का?”

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता आणि गावोगावची तरणी माणसं तिकडे नाव नोंदवायला जात होती. त्या उन्हाळ्यात कांद्याची चाळ भरून झाली आणि वर पाचट घालायचं राहिलं होतं. गडी आला नाही म्हणून सासूबाई स्वतः शिडीवर चढल्या. शिडी सरकली. त्या पाठीवर आपटल्या आणि जोत्याचा दगड डोक्याला मागच्या बाजूनं, मानेच्या जरा वर लागला. रक्त फारसं आलं नाही. दोन वांत्या झाल्या, मोठं टेंगूळ आलं. आम्ही हळद-चुना गरम करून लावला, आणि तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा चुलीपुढे बसल्या.

त्या दिवशी त्यांनी जाऊबाईंच्या ताटात भाकरी टाकली, स्वतःच्या ताटात टाकली, आणि जेवायला लागल्या. माझं ताट रिकामं. मला वाटलं, विसरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जाऊबाईंनी गुपचूप त्यांच्यातली अर्धी मला दिली. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी राहिले, आणि सासूबाई समोर बघत ओरडल्या, “आगं, कुनी पानी देतंय का न्हाई मला?” मी तिथेच उभी होते. हातभर अंतरावर. तांब्या खाली आदळून मी मागच्या दारी गेले आणि रडले.

मग मी हिशेब मांडायला लागले, की माझं काय चुकलं. शिडी धरायला मी नव्हते, मी नदीवर धुणं धुवत होते, हे त्यांच्या मनात असेल. किंवा आमच्या ह्यांनी कारखान्यात नाव नोंदवलं, ते मीच त्यांच्या डोक्यात भरवलं असं त्यांना वाटत असेल. कारणं शोधायला बसलं की ढिगानं सापडतात. बाईंनी माझ्यापुरतं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय, एवढं मी पक्कं ठरवून टाकलं, आणि कामाशिवाय त्यांच्यासमोर जाणंच सोडलं.

जाऊबाईंच्या लक्षात दुसरंच आलं होतं. सासूबाईंचा खांदा सारखा चौकटीला थडकायचा. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. “नजर अधू झाली आत्याबाईंची,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. कांद्याच्या घरात नजरेवरचं औषध शोधायला कुठे जायला लागत नाही. पांढऱ्या कांद्याचा रस आणि मध, रोज सकाळी दोन्ही डोळ्यांत दोन दोन थेंब. मी मागून डोकं धरायची, जाऊबाई थेंब सोडायच्या. सासूबाई मांडीवरचं लुगडं मुठीत धरून बसायच्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. पाणी जातंय म्हणजे दोष जातोय, असं आम्ही समजायचो. पंधरा दिवस आम्ही हे केलं. त्या एकदाही ‘नको’ म्हणाल्या नाहीत.

सोळाव्या दिवशी जाऊबाईंनी परीक्षा घेतली. सुई-दोरा दिला. सासूबाईंनी पहिल्याच खेपेला दोरा ओवला. जाऊबाईंना वाटलं, गुण आला. मला मात्र पुरावा मिळाला. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, “सुईचं नेढं दिसतं, आणि अख्खी सून दिसत नाही?” हे बैलांना वैरण टाकायला उठून गेले. आई आणि बायको यांच्या मधे पडायचं नाही, हे त्यांचं धोरण होतं.

मला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात मी चिंचवडला माहेरी आले आणि तिथे मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला सासूबाई बैलगाडीनं आल्या. बायकांनी घर भरलं होतं. त्यांना पाटावर बसवलं, आणि नातीला आजीच्या ओटीत घालायचं म्हणून मी बाळ घेऊन आले. मी कुठून आले? आतल्या खोलीच्या दारातून, त्यांच्या डाव्या अंगानं. रीतीप्रमाणे गप्प उभी राहिले. वाकून बाळ पुढे केलं. सासूबाई समोरच्या बायकांकडे बघत होत्या. मी तशीच वाकलेली, हात भरून आलेले. आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, “का वं, बाळ कुठाय? कुनी दावंना का मला?”

कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं.

मुलगी झाली म्हणून ही बाई माझ्या लेकराला चारचौघांत नाकारतेय, हे एकच माझ्या डोक्यात शिरलं. मी मागे फिरले. आईला सांगितलं, बाळ किरकिर करतंय, आत निजवते. पुढे पाळण्यात घालायची वेळ आली तेव्हा दाराला आतून कडी घालून बसले. सासूबाईंना उजेडात चाकण गाठायचं होतं. त्या दाराबाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मास्तरीनबाई, पोरीचं तोंड तरी बघू दे की गं.” मला तो टोमणा वाटला. मी दार उघडलं नाही.

ह्यांना तोवर कारखान्यात नोकरी लागली होती. मी माहेराहून परस्पर पिंपरीला, भाड्याच्या एका खोलीत आले. चाकणहून कांद्याच्या गाडीबरोबर निरोप यायचे, पोरीला घेऊन या. हे म्हणायचे, “जाऊन येऊ या का?” मी म्हणायची, “ज्यांना बघायचंय त्या येतील.” आणि त्या न बोलावता येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मानानं जगणारी माणसं. मीही काही कमी नव्हते.

मुलगी आठ महिन्यांची असताना तिला हगवण लागली. तीन दिवसांत गेली. इतक्या लहान लेकराला ठेवत नाहीत, त्याच दिवशी दुपारी नदीकाठी पुरलं. चाकणला निरोप पोचला तो दुसऱ्या दिवशी. तेव्हाच्या माझ्या अवस्थेबद्दल मी लिहिणार नाही. जेवण जाईना म्हणून महिन्याभरानं ह्यांनी मला कामगारांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं, आणि ते पाळीवर गेले.

डॉक्टरांच्या खोलीला नुसता पडदा होता. बाकावर बसून मला आतलं सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. आत एक फिटर होता, सायकलवरून पडून डोक्याला मागून लागलेला, आणि त्याची बायको. ती सांगत होती, घरातलीच माणसं म्हणतात हा सोंग करतो. डॉक्टरांनी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. त्यानं शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगून डॉक्टरांनी एक बोट त्याच्या उजव्या कानापासून हळूहळू पुढे आणलं. “दिसतंय,” तो म्हणाला. बोट नाकापुढून डावीकडे सरकलं. “आता?”

“आता न्हाई. काढलं का तुमी बोट?”

बोट तिथेच होतं.

डॉक्टर त्याच्या बायकोला समजावून सांगायला लागले. डोळे नुसता उजेड आत घेतात. त्याचं दिसणं होतं ते इथे, मेंदूच्या मागच्या टोकाला, आणि त्यांनी मानेच्या वर तळहात ठेवून दाखवला. तिथल्या उजव्या भागाकडे डावीकडचं जग येतं, डाव्याकडे उजवीकडचं. उजव्या भागाला मार बसला की दोन्ही डोळे धड असूनही डावीकडचं अर्धं जग जातं. समोरचं बारीकसारीक मात्र दिसत राहू शकतं.

“मग ह्यांना तिकडं अंधार दिसतो का?” तिनं विचारलं.

“तुम्हाला तुमच्या पाठीमागं अंधार दिसतो का? नाही ना? काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही याची जाणीवही होत नाही. तसंच. उरलेल्या अर्ध्यालाच मेंदू अख्खं समजून चालतो. पुष्कळदा रोग्याला स्वतःला पत्ताच नसतो. तुम्ही उजवीकडे बसा आणि बोला त्यांच्याशी. मान वळवायची सवय लावा.”

माझा नंबर पुकारला तेव्हा मी बाकावर नव्हते. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून डोक्याच्या मागे हात लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एकटी चाकणला गेले. सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी जाणूनबुजून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

“आलीस व्हय गं बाई? किती तोंड चुकवलंस माझं! मी पडल्यापासनं तू पुढ्यातच येईना झालीस. आवाज न्हाई, काय न्हाई. थोरलीला म्हनायची मी, आसं काय वंगाळ बोलले गं हिला?”

म्हणजे ती बाईसुद्धा वर्ष-दीड वर्ष माझ्यासारखीच चुकांचा शोध घेत बसली होती. माझी निदान कारणं तरी होती, भलीबुरी. तिच्या हाती तेवढीही नव्हती. मी एक शब्द बोलले असते, तांब्या घेऊन उभी असताना नुसतं ‘आत्याबाई, हे घ्या’ म्हटलं असतं, तर तिनं मान वळवली असती.

मी म्हटलं, “आत्याबाई, माझ्याकडं बघू नका, समोर तुळशीकडं बघा.” आणि बसल्या बसल्या त्यांच्यापुढून डावीकडे सरकले. तुळशीच्या रेषेपलीकडे गेले मात्र, आणि त्या दचकून म्हणाल्या, “आँ? गेलीस कुठं?”

मी त्यांच्या कानाशी होते. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना जमेल तसं सांगितलं. डोक्याला मागून लागलेला मार, अर्धं गेलेलं दिसणं, रिकामं ताट, कांद्याचा रस. त्या ऐकत होत्या आणि लसणाची एक पाकळी बोटांत फिरवत होत्या. स्वतःच्या डोळ्यांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. ती पाकळी खाली ठेवून म्हणाल्या,

“म्हंजे बारशाला पोरगी माझ्या डाव्या अंगाला हुती?”

“हो.”

“किती लांब?”

“तुमच्या दंडाला तिचं दुपटं लागत होतं, आत्याबाई.”

त्यांनी डाव्या दंडावर उजवा हात फिरवला. मग अगदी हळू विचारलं, “कुनासारखी हुती गं?”

आमच्याकडे मुलीचा एकही फोटो नव्हता. कोण काढतंय तेव्हा आठ महिन्यांच्या पोरीचा फोटो? मुलगी माझ्या आईसारखी होती. रुंद कपाळ, जाड भुवया, खालचा ओठ जरा पुढे. माझ्या माहेरच्या सगळ्या बायकांनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं होतं.

मी म्हटलं, “तुमच्यासारखी. हुबेहूब तुमच्यासारखी. हेच नाक, हनुवटीवर अशीच खळी.”

त्या रडल्या. पण रडताना जरा हसल्याही. नंतर जगल्या तोवर, चौदा-पंधरा वर्षं, येईल त्याला सांगायच्या, माझी एक नात माझ्या वळणाची हुती. आणि माझ्याकडे मान वळवून विचारायच्या, “हुती का न्हाई गं?” मी दर वेळी काहीतरी भर घालायची. हसताना डोळे असे बारीक व्हायचे, कान असेच होते. मला ते प्रायश्चित्त वाटायचं, आणि खरं सांगते, त्यांना देण्याजोगं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आता माझं वय झालं आहे. दुपारी पडून राहते, डोळे मिटते आणि लेकीला आठवायला बघते. डोळे मिटल्यावर जे दिसतं तेही म्हणे डोक्याच्या त्याच मागच्या बाजूला होतं. चेहरा येतो. छोटं नाक, हनुवटीवर खळी. मी स्वतःला बजावते, ही नाही, तिचं कपाळ रुंद होतं, भुवया जाड होत्या. शब्द सगळे पाठ आहेत. पण कितीही जोर लावला तरी त्या शब्दांचा चेहरा होत नाही, पुन्हा तीच खळीवाली समोर येते, आणि माझी मुलगी मला दिसत नाही.