जावयाला कुणी अडवू नका

पंपांच्या कारखान्यातल्या हॉकी टीमचा जो गोलकीपर होता, त्याला सगळे भिंत म्हणायचे. नाव पडलं तेव्हा त्यात कौतुक होतं. पुढे त्याची चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि भिंतीला ओल आलीय, पोपडे सुटलेत, असले विनोद सुरू झाले. तो ऐकून घ्यायचा. नोकरीही त्याची अशी की गप्प राहण्याची सवय व्हावी. तयार झालेला प्रत्येक पंप टाकीत बुडवून चालवायचा आणि कुठून बुडबुडे येतात ते बघत बसायचं. वीस वर्षं हेच. गळती शोधावी तर भिंतीनंच, असं सुपरवायझरसुद्धा म्हणायचा.

या भिंतीच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच टीमचा फॉरवर्ड. लग्न ठरलं त्या दिवशी भिंतीनं मैदानावर त्याला थट्टेनं जावईबुवा म्हणून हाक मारली, आणि झालं, कारखाना त्याला जावई म्हणूनच ओळखायला लागला. त्याचे चांगले दिवस होते तोवर या नावात लाड होता. पण सलग सतरा मॅच माणसानं एक गोल केला नाही की त्याच नावाला दात फुटतात. नुसतं बसून खातो तो जावई, हे काय कुणाला शिकवावं लागतं होय?

सतरा मॅच. भिंतीला आकडा तोंडपाठ होता, कारण रंगखात्यातला एक जाडा माणूस त्याला तो रोज ऐकवायचा. या रंगवाल्यानं स्वतः जन्मात कधी स्टिक धरलेली नव्हती. पण हॉकीबद्दल बोलायला स्टिक लागते असं कुणी सांगितलंय?

खरी गोष्ट मनगटाची होती. दोन वर्षांपूर्वी जावयाच्या उजव्या मनगटावर चेंडू बसला आणि हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर यानं तिसऱ्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं कापून काढलं, कारण रविवारी सेमीफायनल होती. खेळला, दोन गोल मारले, लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. नाचणारे आपापल्या घरी गेले आणि मनगट वाकडं सांधलं ते कायमचं. फटका मारताना शेवटी जो झटका द्यावा लागतो, तो येईना. डॉक्टरनं सांगितलं, आता या हातानं जड काही उचलायचं नाही.

टीममध्ये जो असेल त्याला बसून करायचं काम, ही कारखान्याची जुनी पद्धत. जावयाकडे हत्यारांची खिडकी होती. बिल्ला घ्यायचा, पाना द्यायचा. पाना घ्यायचा, बिल्ला द्यायचा. टीममधून नाव गेलं की खिडकीही जाणार, आणि रिकामी जागा होती ती फक्त ओतकामाच्या शेडमध्ये. तिथे भट्टी, वाळू आणि दोघांनी धरून वाहायची वितळल्या लोखंडाची बादली. म्हणजे रंगवाला ज्याला नुसतं ‘टीममधून काढा’ म्हणत होता, त्याचा अर्थ एवढा होता. बहिणीला तो कळत होता, म्हणून ती येता-जाता भावाचं डोकं खायची. दादा, तू बोल. तुझं ऐकतात.

भिंतीकडे बोलण्यासारखं होतंही. गोलकीपर मागे उभा असतो, त्याला सगळं मैदान दिसतं. गेले दीड वर्ष तो एक गंमत बघत होता. जावई चेंडू नसतानाही उजवीकडे असा काही सुसाट धावायचा, की समोरचे दोन बॅक त्याच्या मागे धावत सुटायचे. नाव मोठं होतं ना त्याचं! जुन्या गोलांची धास्ती लोकांच्या पोटात अजून होती. दोघं तिकडे गेले की डावी बाजू ओस पडायची, आणि तिथून आपला डावरा, म्हणजे डाव्या बाजूचा फॉरवर्ड, गोल मारायचा. टाळ्या डावऱ्याला, शिव्या जावयाला.

भिंतीनं हे जावयाला एकदा बोलून दाखवलं होतं. जावई म्हणाला, ‘‘दादा, हे कुठं बोलू नका. मला ते दोघं अंगावर असू देत.’’ भिंतीनं शब्द दिला. डावपेच फुटू नये म्हणून म्हणतोय, असंच त्याला वाटलं. घरी मात्र जावई रविवारी मॅचवरून आला की बूट काढता काढता बायकोला एकच सांगायचा: दोघं दोघं चिकटतात गं, माणूस काय करणार? एकदा मोकळा सापडू दे, मग बघ. ती म्हणायची, बघते. आणि गरम पाण्याची पिशवी मनगटावर ठेवायची.

आता त्या कारखान्याची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. फार पूर्वी कधीतरी बंद खोलीत टीम निवडली, त्यावरून डोकी फुटली. तेव्हापासून टीमचं जे काही ठरायचं ते जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये, सगळ्यांसमक्ष. ज्याला बोलायचंय त्यानं उभं राहून बोलावं. या पारदर्शकपणाचा त्यांना भारी अभिमान. चार भिंतींचाही उपयोग असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या गुरुवारी मास्तरांनी, म्हणजे टीम शिकवणाऱ्या हजेरी-कारकुनानं, विषय काढला. जावयाला ठेवायचं का? जावई आला नव्हता. खिडकी सोडता येत नाही, असं त्यानं कळवलं होतं. रंगवाला हात न धुताच उभा राहिला. गोल करत नाही तो फॉरवर्ड कसला, न शिजवणाऱ्या आचाऱ्याला आपण ठेवू का, असं त्यानं विचारलं आणि कँटीनच्या आचाऱ्याकडे बघितलं. लोक हसले. मग एकानं सांगितलं की माणूस स्वभावानं चांगला आहे. दुसरा म्हणाला, स्वभाव चांगला असेल तर देवळात बसवा. तिसऱ्यानं सेमीफायनलची आठवण काढली, तर रंगवाला म्हणाला, दोन वर्षांपूर्वीच्या जेवणावर आज ढेकर देता काय? शेवटी त्यानं ठेवणीतलं वाक्य काढलं. ‘‘कुणाच्या बहिणीसाठी कारखान्यानं जावई पोसायचा का?’’

भिंत उठली ती या वाक्यावर. कान तापले होते. मेहुण्याची बाजू घेतो असं म्हणतील, म्हणून ठरवलं होतं फक्त पुराव्यानं बोलायचं. त्यानं टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि स्टीलचे पेले मांडायला सुरुवात केली. हा जावई, हा डावरा, हे समोरचे बॅक. सतरा मॅचमध्ये आपले पंधरा गोल, त्यातले अकरा डावऱ्याचे, आणि त्या अकरातल्या नऊ वेळा दोन बॅक कुठे होते? जावयाचा पेला त्यानं उजवीकडे सरकवला, त्यामागे दोन पेले सरकवले, आणि डावीकडच्या रिकाम्या टेबलावर तळहात आपटला. ही जागा कोण करून देतं, सांगा! मांडतानाच एक पेला कमी पडला, तेव्हा भिंतीनं शेजारच्या टेबलावरच्या माणसापुढचा उचलला आणि म्हणाला, ‘‘आण इकडे, हा तू.’’ कँटीन खदाखदा हसलं, तो माणूसही हसला.

हा माणूस म्हणजे समोरच्या पाइपांच्या कारखान्याचा ट्रकवाला. दर गुरुवारी पाइप उतरवायला यायचा आणि इथेच जेवायचा. दहा वर्षांत तो परका आहे हे सगळे विसरून गेले होते. आणि रविवारी हाच ट्रकवाला पाइपवाल्यांच्या टीमचा बॅक असायचा. दीड वर्ष जावयामागे धावून ज्याचा घाम निघाला होता, तो हाच. त्यानं आपला पेला कुठून कुठे सरकला ते नीट बघितलं, पाणी प्यायला तो परत मागून घेतला, मास्तरांना नमस्कार केला आणि ट्रक घेऊन गेला. पाइपवाल्यांशी मॅच दहा दिवसांवर होती. हे भिंतीला माहीत नव्हतं का? होतं की! पण भांडण जिंकताना माणसाला पुढचं कधी दिसलंय? मास्तरांनी निकाल दिला, जावई राहील, निदान पाइपवाल्यांची मॅच होईपर्यंत. लोकांनी भिंतीची पाठ थोपटली. तो तडक खिडकीकडे गेला, आणि जावयाला सगळं रंगवून सांगितलं, पेल्यांसकट.

जावई एका पान्यावरचं तेल पुसत होता. तो पुसतच राहिला.

‘‘झाकलेली मूठ होती, दादा,’’ तो म्हणाला. ‘‘असो. तुम्ही माझ्यासाठीच बोललात.’’

भिंतीला तेव्हा जरा रागच आला. भलं करायला जावं तर ही तऱ्हा, असं तो घरी बायकोजवळ बोललासुद्धा. ट्रकवाल्याची आठवण त्याला शनिवारी झाली, टाकीत बुडबुडे बघताना. पंप बाहेर काढायचं भान राहिलं नाही. त्यानं स्वतःची समजूत घातली: ट्रक चालवणारा गडी, एवढं कुठं लक्षात ठेवणार.

मॅचच्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत कळलं. जावई उजवीकडे धावत सुटला, नेहमीसारखा, मान खाली घालून. आणि ट्रकवाला जागचा हलला नाही. हात वर करून त्यानं आपल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, ‘‘सोडा त्याला. जावयाला कुणी अडवू नका.’’ चारही बॅक डावऱ्यापुढे उभे राहिले. डावरा तिथे अडकला तो अडकलाच.

मग चेंडू जावयाकडे यायला लागला, दुसरीकडे जागाच नव्हती. दीड वर्षात पहिल्यांदा तो गोलसमोर एकटा होता. भिंतीला दुसऱ्या टोकावरून त्याची पाठ दिसत होती. मार, भिंत मनात म्हणाली, मार रे बाबा, एक मार. जावयानं मारला. चेंडू गवतावरून गेला तो लहान मुलाकडे ढकलावा तसा, आणि समोरच्या गोलकीपरनं नुसता पाय आडवा केला. दुसरा बाहेर गेला. तिसऱ्याला स्टिक नुसती घासली. बघणारे आधी ओरडत होते, मग हसायला लागले, आणि चौथ्या वेळेला तर कुणी हसेनाही. त्या वेळी जावयाला भरपूर वेळ होता. त्यानं चेंडू थांबवला, पाय रोवले, मनगटाकडे एकदा बघितलं आणि सगळा जीव एकवटून फटका मारला. चेंडू सरळ गेला, गोलमध्येच चालला होता. पण इतका सावकाश की ट्रकवाला दहा पावलं चालत आला आणि त्यानं तो आरामात अडवला. पळायचीसुद्धा गरज पडली नाही. पंपवाले दोन-शून्यनं हरले. दुसरा गोल झाला तेव्हा भिंतीचं लक्ष चेंडूवर नव्हतंच.

कपडे बदलायच्या खोलीत जावई कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. बाकीचे भराभर आवरून गेले. अशा वेळी लोकांना नेमकी घाई असते. भिंत त्याच्याशेजारी पॅड सोडत बसली. चूक झाली, शब्द मोडला, त्या ट्रकवाल्याच्या समोर मी गाढवपणा केला, असं बरंच काही बोलायचं तो मनात जुळवत होता. जावयानंच त्याला थांबवलं.

‘‘ट्रकवाल्याचं सोडा हो, दादा. त्याला आज ना उद्या कळलंच असतं.’’ त्यानं उजवा पंजा डाव्या हातात धरला होता. ‘‘मलाच वाटायचं, दोघं अंगावर असतात म्हणून गोल होत नाही. दोघं अंगावर असले की माणसाला असं म्हणता येतं. आता घरी जाऊन तिला काय सांगू?’’

पॅडचा पट्टा अर्धा सुटलेला, भिंत तो तसाच हातात धरून बसली.

सोमवारी कँटीनमध्ये मास्तरांनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? रंगवालासुद्धा ताटात बघत होता. त्यालाही मनातून वाईट वाटत असावं, माणूस तसा वाईट नव्हता. सगळे भिंतीकडे बघायला लागले. भिंतीसमोर पाण्याचा पेला होता. तो त्यानं उचलला, पाणी प्यायला आणि ठेवून दिला. मास्तर म्हणाले, बरं मग. मिनिटभरात विषय संपला.

पुढच्या महिन्यापासून जावई ओतकामाच्या शेडमध्ये जायला लागला. बादली धरायला त्याचं मनगट चालेना, म्हणून फोरमननं त्याला वाळू भरायला लावलं, डाव्या हातानं. हत्यारांच्या खिडकीवर डावरा बसतो. तो गोलही करत नाही हल्ली, त्याला चौघं घेरतात आणि उजवीकडे धावणारं कुणी नाही. आता यावर बोलायचं म्हटलं तर भिंतीकडे पुन्हा पुरावा आहे, पण पेले मांडायला तो उठत नाही.

बहिणीकडे तो दर रविवारी जातो. ती चहा देते, दादा म्हणते, भावाला दोष देत नाही. बोल म्हणून मागे लागलेली तीच होती, हे तिला ठाऊक आहे. जावई शेडमधून येतो, दारात बसून बूट काढतो, बुटातली वाळू बाहेर झटकतो. ती पिशवीत गरम पाणी भरून उभी असते, तो काहीतरी बोलेल म्हणून. तो बोलत नाही. तो नुसता हात पुढे करतो.