कलत्या शेपटांचे आप्पा

आप्पा कुठलीही गोष्ट आधी मागून बघत. बैल असो, मोटारसायकल असो, नाहीतर आभाळातली घार. कुरकुंभच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन म्हणून नवा लागलो होतो. पहिल्याच दिवशी मेंटेनन्सचा हा उंच, सावळा फिटर माझ्या कोऱ्या स्कूटरला वळसा घालून मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तोंड काय, कुनीबी बघतंय. सरळ कोन ठिवतं ते बघावं."

आप्पांनी हवाई दलात पंधरा वर्षं लढाऊ विमानांच्या सांगाड्याचं काम केलं होतं. निवृत्त होऊन ते वडगाव रासाईला, भीमेकाठच्या घरी परतले, पण जीव विमानाच्या शेपटातच अडकलेला. शेपूट म्हणजे मागचं उभं पातं. ते नसेल तर विमान सरळ जात नाही, आणि असेल तर शत्रूच्या रडारला सापडतं. हा पेच त्यांना जेवतानाही सोडत नसे.

एकदा सुट्टीत त्यांनी मला स्टोअरच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. लाकडाचं वीतभर विमान, त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली. माझ्या हातात बॅटरी दिली. "तुम्ही रडार. डोळ्यापाशी धरा आन् मारा उजेड." शेपूट ताठ उभं होतं तेव्हा ते आणि शेजारचं आडवं पातं यांच्या कोपऱ्यातून उजेड थेट माझ्या डोळ्यात आला. मग त्यांनी ते काढून बाहेर कललेली दोन शेपटं बसवली. चकाकी कुठंतरी भिंतीवर गेली, माझ्यापुढं नुसता अंधार. "काटकोन लई चुगलखोर," आप्पा म्हणाले. "आलेला उजेड जसाच्या तसा माघारी धाडतो. कलतं केलं की भलतीकडं जातो."

नंदा ही त्यांची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. आप्पांनीच तिच्या वेण्या घातल्या आणि आप्पांनीच तिला भूमिती शिकवली. तिला मात्र शेपूटच नको होतं. "काढूनच टाकू, आप्पा. कॉम्प्युटर धरील सरळ."

"आन् कॉम्प्युटर बंद पडला म्हंजी? कुनाच्या नावानं आरडायचं?"

रविवारी ओट्यावर हे भांडण चाले आणि मी दोघांचीही विमानं ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यांवर काढून देई. भावकी हसायची, "म्हाताऱ्यानं पोरीला इमानाचं खूळ लावलंय." बारावीनंतर नंदा दक्षिणेत विमानांचं इंजिनिअरिंग शिकायला गेली. भावकीचं हसणं बंद झालं.

तिच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर आप्पांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी मोजकेच महिने सांगितले. परतताना एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ड्राफ्टमन, नंदाला कळता कामा न्हाई. परीक्षा हुंद्या. आत्ता आली तर परत जायची न्हाई ती. शब्द देता न्हवं?" मी हो म्हटलं.

पुढं त्यांना पेन धरवेना. मग ते सांगत आणि मी त्यांच्या अक्षरात पत्र उतरवी. नक्कल हे माझं रोजचंच काम होतं. त्यांचा आवाज खोल गेला, फोनवर नंदाला कळलं असतं; तेव्हा 'गावचा फोन बिघडलाय' ही थापही मीच लिहिली.

एप्रिलअखेरीस नंदाचं पत्र आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. "आप्पा, तुमचंच खरं. शेपटाशिवाय माझं गणित सुटत नाही. प्रोजेक्टात दोन कललेली घेतलीत. पण किती अंश कलवू? तुम्हीच सांगा." आप्पांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. चादरीवर त्यांनी दोन बोटं उभी केली, हळूहळू फाकवली. मग हात पडला. किती फाकली होती, ते मला नीट दिसलंही नव्हतं. घरी येऊन मी लिहिलं, "पंचवीस अंश ठेव. मी ठीक हाय." खाली आप्पांची सही केली.

पत्र टाकलं आणि तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. भावकीनं वसतिगृहात फोन केला. नंदा दौंडला उतरून वडगावला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं; उन्हाळ्यात कुणी थांबू दिलं नाही.

ती ओट्यावर बसली. हातात माझं पत्र होतं.

"काका, हे आप्पांनी कधी लिहिलं?"

तिनं पत्र माझ्यापुढं धरलं.

"फोन आला त्याच दुपारी हे हातात पडलं. मला वाटलं, फोन खोटा हाय. साऱ्या वसतिगृहात दाखवत हिंडले मी. बघा, ठीक हाय म्हणून लिहिलंय आप्पांनी, म्हणून."

"मी लिहिलं, नंदा," मी म्हणालो. "त्यांनी शब्द घेतला होता. तुझी परीक्षा..."

"परीक्षा पुढच्या वर्षी दिली असती," ती म्हणाली. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "नापास झाले असते तरी चाललं असतं, काका."

दहाव्यापर्यंत ती थांबली. तोवर पेपर निघून गेले होते. पुढच्या वर्षी तिनं ते दिलेच. आता ती कुठंतरी विमानांच्या आराखड्यांवर काम करते असं भावकीकडून कळतं, तिच्याकडून नाही. मी पत्र लिहायला बसतो आणि माझ्याच अक्षराची भीती वाटते.

आप्पांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. तिला कुणीच विचारलं नव्हतं.