पाव बाईंनी दिलेले पूर्ण चार

सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंना सारी शाळा 'पाव बाई' म्हणायची. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला पैकीच्या पैकी दिल्याचं ऐकिवात नव्हतं. उत्तर बरोबर, पण समास वाकडा. गेला पाव मार्क. चित्रकलेचे सर म्हणायचे, देवाने पेपर लिहिला तरी बाई हस्ताक्षराचा पाव कापतील. हे बाईंच्या कानावर जायचं आणि त्या मनातून खूश व्हायच्या. दाखवायच्या नाहीत, एवढंच.

या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. सुट्टीत बाईंचे यजमान गेले, आणि शाळा उघडली तर मार्कच गेलेले.

मोठ्या बाईंनी एक तक्ता हातात दिला. वीसपैकी अमुक, हे आता बंद. प्रत्येक कौशल्य वेगळं मांडायचं आणि त्यापुढे एक ते चार यांतला आकडा घालायचा. एक म्हणजे नुसती सुरुवात, दोन म्हणजे हात धरला तर जमतं, तीन म्हणजे एकट्याने जमतं, चार म्हणजे पुस्तकात नसलेल्या ठिकाणीही जमतं. समास, शाई, उशिरा दिलेली वही यांचा रकाना निराळा. मागे चुकलेलं सरासरीत धरायचं नाही. आज येतं ना, मग आजचंच लिहायचं. शून्य नाही. काही दाखवलंच नसेल तर 'पुरावा नाही'. आणि पाव तर मुळीच नाही.

आता बाई आकाशपाताळ एक करणार, अशी चित्रकलेच्या सरांनी चहाची पैज लावली होती. बाईंनी तक्त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, बरं. सर पैज हरले. पुढे बाई सगळ्यालाच बरं म्हणू लागल्या. पंखा बंद पडला, बरं. तास वाढला, बरं. सांत्वनाला आलेल्यांचे शब्द तोंडातच राहिले.

तक्ता भरत गेला. एका मुलीच्या 'प्रमाण' या कौशल्यापुढे मात्र 'पुरावा नाही' तसंच राहिलं. कागद समोर आला की तिचा हातच चालायचा नाही. मुलांनी तिचं नाव 'कोरी' ठेवलं होतं. शुक्रवारपर्यंत चौकट भरली नाही तर तिला गणितासाठी खालच्या वर्गात बसावं लागणार होतं. मोठ्या बाईंनी आठवण करून दिली, पुरावा लेखीच हवा असं नाही, बोलून दाखवलं तरी चालेल. बाई म्हणाल्या, बरं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी कोरीला थांबवून घेतलं. पाच वह्यांना इतके तर आठ वह्यांना किती, असं विचारलं. कोरी बाकाकडे बघत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. डबा उघडला, अर्धा भात खाल्ला आणि उरलेल्यावर झाकण लावलं. शाळा उघडल्यापासून रोज असंच चाललं होतं.

"बाई, तुम्ही अजून दोघांचाच शिजवता?"

बाईंचा हात झाकणावर थांबला. "माप बसलंय हाताला."

"दादा कामाला लांब गेला तेव्हा माझंही चुकायचं. चौघांची तिघं झालो, म्हणजे सगळ्यातून पाव काढायचा. तांदूळ पाऊण, मीठ पाऊण. पण पाणीही पाऊणच घातलं तर भात कोरडा होतो. वाफ तेवढीच जाते ना. ते जरा जास्त लागतं. तुमचं सोपं आहे, निम्मं."

"आणि वेळ?" सव्वीस वर्षांची सवय, प्रश्न आपोआप निघाला.

"वेळ नाही निम्मा होत, बाई. तो तेवढाच लागतो."

बाईंनी तक्ता काढला. पोरीने प्रमाण कुठे चालतं ते सांगितलं होतं, कुठे चालत नाही तेही. वह्यांचं उत्तर तेवढं आलं नव्हतं. पेन जरा अडलं. निदान पाव तरी? पण पाव लिहायला चौकटीत जागा नव्हती. त्यांनी चार लिहिला.

कोरीने वाकून पाहिलं. "पैकीच्या पैकी?"

"तसं नसतं ते. तुला येतं, एवढंच."

दुपारी चित्रकलेच्या सरांनी तक्त्यात डोकावून विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना? बाई म्हणाल्या, बरी आहे.

संध्याकाळी त्यांनी निम्मं माप घेतलं, पाणी चमचाभर जास्त. गॅस लावून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. वेळ तेवढाच लागला. भात बरोबर एका ताटाचा झाला. त्यांनी तो खाल्ला, पातेलं घासलं आणि पालथं घातलं.