खारे बांगडे आणि आतली कडी

“पॉलिमायोसायटिस,” डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहीत राहिले. म्हणजे स्नायूंना आलेली सूज. शरीर आपल्याच स्नायूंवर उलटतं. कशामुळे, असं मी विचारलं. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. तोवर भेटलेल्या प्रत्येकाकडे कारण तयार होतं, त्यामुळे हे उत्तर मला आवडलं.

सुरुवात केस विंचरण्यापासून झाली होती. हात वर राहीना. मग बसलं की उठता येईना. आमची परळची चाळ. संडास गॅलरीच्या टोकाला, उकिडवं बसायचा. मला उठवायला सासूबाई आत यायच्या, म्हणून दार नुसतं लोटून ठेवायचं. आजारी माणसाला लोक नाही नाही ते विचारतात, हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. मला फार मोठं काही नको होतं. तिथे एकटीने जाता यायला हवं होतं.

रक्ताची सीपीके तपासणी झाली; स्नायू झिजले की हा आकडा चढतो. ईएमजी झाली, त्यात स्नायूंत सुई घालून बघतात. दुखतं. उरलेला वेळ हॉस्पिटलच्या बाकड्यावर.

स्टिरॉइड सुरू झालं. त्याने सूज ओसरते, पण तेच औषध स्नायू आणि हाडं पोखरतं, म्हणून प्रोटीन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी घ्यायचं. कॅल्शियम आणि डीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जेनेरिक दुकानातून आणल्या, त्या परवडल्या. प्रोटीन पावडरचा डबा मात्र आमच्या यांनी, म्हणजे नवऱ्याने, दादरच्या दुकानात हातात घेतला, किंमत वाचली आणि परत ठेवला.

“डब्यातल्या पिठात काय आसा?” सासूबाई म्हणाल्या. गावाहून आलेले खारे बांगडे त्यांनी काढले. “ह्या खा गो. ताकद ह्याच्यात आसा.” मासा म्हणजे प्रोटीन, हे मलाही पटलं. रोज दुपारी भाजलेला खारा बांगडा. तोंडाला चव आली होती, खोटं कशाला बोलू!

काही दिवसांत पाय सुजले, अंगठी निघेना, चेहरा गोल गरगरीत झाला. “ह्या सगळा त्या गोळ्यांनी झाला,” सासूबाई म्हणाल्या. “सोडून टाक.” आरशात बघून मलाही तेच वाटत होतं. एका सकाळी मी गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली. मग भीती वाटली आणि हॉस्पिटल गाठलं.

“एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल,” डॉक्टर म्हणाले आणि आहारतज्ज्ञ मॅडमकडे धाडलं. रोज काय खाता, हे त्यांनी विचारलं. मी बांगड्याचं मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “खारा? स्टिरॉइडवर अंगात पाणी साठतं, त्यात तुम्ही रोज मिठात मुरवलेला मासा खाताय! चेहऱ्याची गोलाई गोळ्यांची, पण पायांची सूज या मिठाने वाढवली.” प्रोटीन हवंच, पण ताजी मांदेली, अंडी, डाळी. “घरात कुळीथ असेल ना?”

कुळीथ! आमच्याकडे गावाहून गोणी येते. कुळथाची पिठी मला लहानपणापासून आवडत नाही. औषध म्हणून तीच नशिबी आली. सासूबाईंनी बांगडे कागदात बांधून शेजारी दिले आणि माझ्या पिठीत मीठ चिमटीने मोजू लागल्या. त्यांना वाईट वाटलं होतं. माझे सुजलेले पाय रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन चोळत बसायच्या.

पायांची सूज उतरली. औषध, हॉस्पिटलात शिकवलेला व्यायाम, खाणं, नेमकं कशाने काय झालं ते मी सांगू शकणार नाही. स्टिरॉइड हळूहळू उतरवताहेत, आजार आहेच. तुमच्यावर ही वेळ आली तर डबा परवडत नाही म्हणून खचू नका. पण स्वयंपाकघरातलं ‘ताकदीचं’ काहीही ताटात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळी मनाने सोडू नका.

परवा सकाळी मी भिंतीचा आधार घेऊन संडासात उठून बघितलं. उठता आलं. पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग दार आतून लावून घेतलं. कडीचा आवाज झाल्याबरोबर बाहेरून सासूबाई घाबऱ्या आवाजात ओरडल्या, “गो, कडी कित्याक लावलंस? मी खयसून येव आत?”

“येऊ नका,” मी म्हटलं, आणि आतल्या आत रडले.