पितरात सही नाही

महत्त्वाची सूचना. हा मजकूर वाचण्यापूर्वी वाचकाने चष्मा पुसून घ्यावा, हातातला चहा सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि लहान मुलांना सुरक्षित अंतरावर न्यावे. पुढे एका फ्रीलान्सर बाईने कंपनी सोडल्याची अत्यंत गंभीर हकीकत आहे. वाचताना हसू आल्यास लेखिका जबाबदार राहणार नाही.

माफ करा, सवयीचा परिणाम. मी यंत्रांची मॅन्युअल लिहिते. यंत्राबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जी पुस्तिका येते, जी कोणी उघडत नाही आणि यंत्र बंद पडलं की अख्खं घर शोधतं, ती. उमेदीची सगळी वर्षं मी एकच वाक्य नाना प्रकारांनी लिहिण्यात घालवली: "चालू यंत्रात बोट घालू नये."

तर प्रसंग असा.

"नोटीस? कसली नोटीस?" भाऊसाहेबांनी माझा कागद पंख्यासारखा हलवला. "आपलं अख्ख्या वर्षाचं ठरलं हाय, मॅडम!"

भाऊसाहेब म्हणजे अंबडच्या एमआयडीसीतल्या एका ब्लोअर कंपनीचे मालक. ब्लोअर हे ट्रॅक्टरमागे जोडायचं फवारणीचं यंत्र. टाकी, पंप आणि मागे भला मोठा पंखा. द्राक्षबागेतून ट्रॅक्टर जातो आणि पंखा औषधाचं धुकं उडवत जातो. माणूस मूळचा निफाडकडचा, दिलदार. आवाज मात्र पंख्याच्या तोडीचा.

मी त्यांच्याकडे रिटेनरवर होते. रिटेनर म्हणजे नोकरी नाही आणि मोकळीकही नाही. महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, आणि त्यांनी हाक मारली की आपण ओ द्यायची. करार वर्षाचा. वर्ष संपलं की रिन्यूअल, म्हणजे तोच मजकूर, नवी तारीख आणि दोघांच्या नव्या सह्या.

श्रावणात वर्ष संपलं. कंपनीचे अॅडमिन मॅनेजर रफिकभाई यांनी नवा कागद तयार ठेवला. मी सहीला गेले.

"पोळा होऊ द्या," भाऊसाहेब म्हणाले.

पोळा झाला. कारखान्यातल्या पहिल्या ब्लोअरला झूल घालून पुरणपोळीचा नैवेद्यही झाला. मी परत गेले.

"गणपती बसू द्या."

गणपती बसले.

"आता बसलेच हायेत, तर उठू द्या."

गणपती उठले. भाऊसाहेब पेन शोधेपर्यंत पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात हे गृहस्थ नवा हातरुमालसुद्धा विकत घेत नाहीत. "घटस्थापनेला करू, झोकात!" ते म्हणाले. कागद रफिकभाईंच्या कपाटात गेला. काम मात्र चालूच राहिलं.

नेमका त्याच दिवसांत मला एक फोन आला. देवळाली कॅम्पजवळ एक नवरा-बायको मुलांसाठी विज्ञानाची खेळणी बनवतात. खोक्यात सुटे भाग असतात, मुलांनी ते जोडून खेळणं चालवायचं. त्यांना पुस्तिका लिहिणारं माणूस हवं होतं. मी म्हटलं, काही नमुना असेल तर पाठवा. त्या बाईंनी स्वतः लिहिलेलं एक पान पाठवलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं: "आता पंखा हळू फिरवा आणि बोट लावून बघा. काय जाणवलं?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बोट लावून बघा! ते वाक्य मी घरभर फिरत मोठमोठ्याने म्हटलं. नवऱ्याने आतून विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "कशालाही!" बंदीच्या खात्यातून माझी कुतूहलाच्या खात्यात बदली होत होती, आणि ती मला काहीही करून हवी होती.

त्यांच्या अटी साध्या होत्या. काम घटस्थापनेपासून. दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही. आणि आधीच्या कंपनीची एनओसी आणायची, म्हणजे "या बाई तुमच्याकडे आल्या तर आमची हरकत नाही" असं सही-शिक्क्याचं पत्र. "आमचे वकील शिक्क्याशिवाय कागद हातात धरत नाहीत," बाई म्हणाल्या. "घटस्थापनेच्या आधी पत्र आलं नाही, तर मात्र आम्हाला दुसरं कोणीतरी घ्यावं लागेल."

म्हणून मी नोटीस घेऊन भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये उभी होते.

"ठरलं होतं हो, भाऊ. पण सही कुठंय?"

"सहीचं काय घेऊन बसलात? शब्द हाय ना! आन् त्या कागदात दोन महिन्यांची नोटीस लिहिलीय. दोन महिने!"

"लिहिलीय. पण खाली सह्यांची जागा कोरी आहे."

भाऊसाहेब दाराकडे वळले. मग गरजले, "रफिकभाई! आणा तो कागद! आत्ता सही ठोकतो, मग बघू कशा जाताय!"

करारावर माझीही सही लागते हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही. प्रयोग रंगात आला होता.

कागद आला. पेनचं टोपण उडालं. पेन कागदावर उतरणार, तेवढ्यात रफिकभाई हळूच खाकरले.

"भाऊ, पितर चालू हायेत."

पेन हवेतच थांबलं.

इथे सांगायला हवं की कंपनीचं मुहूर्ताचं खातं रफिकभाईंकडे आहे. भाऊसाहेबांची श्रद्धा दांडगी, पण तिथ्या लक्षात राहत नाहीत. रफिकभाईंना ईद जशी पाठ, तशी अमावस्याही पाठ. नवीन शेड असो की नवीन टेम्पो, त्यांना विचारल्याशिवाय नारळ फुटत नाही.

"एका सहीनं काय होतंय?" भाऊसाहेब कुरकुरले.

"काही नाय होत. मागं पितरात ती लेथ आणली होती, तेव्हापण तुम्ही हेच म्हणाले होते."

त्या लेथ मशीनने काय केलं होतं मला ठाऊक नाही. पण पेनचं टोपण परत बसलं.

"जा मग!" भाऊसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पण नवीन मॉडेलचं काय? दसऱ्याला माल निघतोय. ऑक्टोबरच्या छाटण्या सुरू झाल्या की बागाईतदार कोणासाठी थांबत नाय. मॅन्युअल अर्धवट हाय."

"ते पुरं करूनच जाईन."

यात माझा मोठेपणा नव्हता. ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा एक फिरता दांडा असतो. त्याच्याजवळ शर्टाचं टोकही जाता कामा नये. ते पान लिहिल्याशिवाय यंत्र शेतात गेलं असतं, तर मला मुलांना "बोट लावून बघा" म्हणायचं तोंड राहिलं नसतं.

मी मान मोडून काम केलं, पुस्तिका पुरी केली, हातात दिली आणि एनओसी मागितली.

भाऊसाहेब खुर्चीत मागे रेलले. लग्नात वरमाईच्याही चेहऱ्यावर दिसत नाही असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"मॅडम, पितर चालू हायेत. सही नाय करत मी."

"रोज चेकवर करता की!"

"ते रोजचं काम. हे पत्र नवीन हाय."

माझंच शस्त्र माझ्यावर. मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गेले, पितर. तिसऱ्या दिवशी गेले, पितर. इकडे देवळालीहून फोन, "मॅडम, पत्र?" सर्वपित्री अमावस्या दारात आली होती. ती गेली की घटस्थापना, आणि माझं वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी बोटाला.

मग भाऊसाहेबांच्या वडिलांची तिथी आली. त्या दिवशी त्यांच्या आई, माई, दरवर्षी जेवणाचे डबे घेऊन कारखान्यात येतात आणि अख्ख्या ऑफिसला जेवायला वाढतात. मलाही बोलावणं होतं. माईंनी पानं मांडता मांडता माझ्याकडे पाहिलं.

"या बाईनं तोंड का पाडलंय?"

मी काही बोलण्याआधी रफिकभाईंनी सगळी कथा सांगून टाकली. माई पोराकडे वळल्या.

"काय रे, सही का नाय करत?"

"माई, पितर..."

"मला नको शिकवू पितर! या दिवसांत नवीन काही चालू करू नये. ही कुठं चालू करतीये? ही तर चाललीये. आलेल्या माणसाला पोटभर जेवू घालायचं आन् वाटेला लावायचं, त्यासाठी तर हे दिवस असतात. धरून ठेवायचं नसतं. तुझा बाप आज जेवायला आलाय, त्याला ठेवून घेणार हायेस का?"

भाऊसाहेबांनी मुकाट्याने पेन काढलं, सही केली आणि पत्र माझ्या पानाशेजारी सरकवलं. "लिहिता लय भारी तुम्ही," ते कागदाकडे बघतच पुटपुटले. "म्हणून अडवत होतो."

मला भरून आलं, हे इथे नोंदवून ठेवते.

आता धडा. सही लांबवणाऱ्याला वाटतं दोरी आपल्या हातात आहे. पण बिनसहीच्या करारातून कोणीही कधीही उठून जाऊ शकतं. आणि दुसरं, सुटकेचा कागद हातात आला की जेवणाआधी तो नीट पाहून घ्यावा.

मी पाहिला. समोर खीर, वडे, अळूवडी, कढी, सगळं वाढलेलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"जेवा ना, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले.

मी पत्राकडे पाहिलं.

"वडा गार होतोय, बाई," माई म्हणाल्या.

मी पुन्हा पत्राकडे पाहिलं.

"आता काय राहिलं?" भाऊसाहेब खरोखर घाबरले.

रफिकभाईंनी मान लांब करून पत्रावर नजर टाकली, आणि भर पंगतीत ओरडले,

"अहो भाऊ, शिक्का मारा आधी! त्याशिवाय हा कावळा शिवायचा नाय!"