अक्कांनी सोडलेल्या जागा

भूतबित सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारा माणूस मी! जळगावात माझी मास्टरिंगची छोटी खोली आहे... म्हणजे गाणं तयार झालं की बाहेर सोडण्याआधी त्याला शेवटची इस्त्री करायची. खानदेशातली हौशी मंडळी आपापली अहिराणी गाणी घेऊन येतात. "विचित्र आवाज येतोय" असं कुणी म्हणालं, की मी म्हणतो, आधी वायर तपास.

उन्हाळ्यात धुळ्याच्या योगेशने कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं, गाणं पाठवलं. गायली होती त्याची मावशी, वत्सलाअक्का. एकटीच. प्रत्येक ओळीनंतर मोठी रिकामी जागा, आणि तिथे पंख्याची घरघर. घरघर मी साफ काढली. मग वाटलं, एवढी शांतता कोण ऐकणार? जागाच कापल्या आणि गाणं पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी अक्का योगेशला घेऊन दारात! पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊ, मनी बहीणनी जागा तू कापी टाकी का?"

बहिणीची जागा? मी योगेशकडे बघितलं. तो म्हणाला, हे गाणं दोघी बहिणी मिळून म्हणायच्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. दुसरी म्हणजे योगेशची आई. ती मागच्या वर्षी गेली.

"तिचा आवाज कुठेच नाही हो," तो म्हणाला. "सगळे फोन शोधले. गावभराचं रेकॉर्डिंग करतो मी, आणि आईचंच..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जागा परत घातल्या, गाणं लावलं. अक्कांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या स्पीकरच्या पडद्यावर तळहात टेकवून बसल्या. ओळ संपली, शांतता आली... तरी हात काढेनात.

"गाई ऱ्हायनी ती," त्या म्हणाल्या.

गातेय म्हणे! म्हातारीचं मन, दुसरं काय, असं म्हणत मीही हात ठेवला. पडदा थरथरत होता! स्क्रीनवर रेघ सपाट. त्या जागेत पूर्ण शून्य होतं, मीच केलं होतं ना! वायर तपासली. हो, मीच! गाणं थांबवलं की थरथर बंद. सुरू केलं, जागा आली, की पुन्हा.

अक्कांनी योगेशचा हात ओढला. "अठे ठेव."

त्याने ठेवला.

"लहानपणी आई भाकरी करताना गायची," तो म्हणाला. "मी मागून तिच्या पाठीला गाल लावून बसायचो... पाठ अशीच थरथरायची."

आणि तो ढसाढसा रडला. अक्का त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

ते गेल्यावर तीच फाइल, तोच स्पीकर, कितीदा लावून पाहिलं. पडदा ढिम्म हलत नाही. पुण्याच्या जाणकार मित्राला फाइल पाठवली. तो म्हणाला, "अरे, शून्य आहे तिथे, काय शोधतोयस?" त्या दुपारी काय झालं, मला आजही कळलेलं नाही.

गाणं जागांसकट बाहेर सोडलं. खाली कमेंटमध्ये लोक विचारतात, "मध्येच आवाज का जातो?"

योगेश प्रत्येकाला एकच उत्तर लिहितो — "तिथे आई आहे."