सुभेदारांचं फिनेल

“मॅडम, माशा लय हायेत, पण अंडी न्हाईत. येक बी न्हाई!” फोनवर सुभेदारांचा आवाज पार उतरला होता.

सैन्यातून रिटायर झालेले सुभेदार मेढ्याजवळ ब्लॅक सोल्जर फ्लाय पाळतात. मी त्यांची कन्सल्टंट. ही काळी माशी चावत नाही, ताटावर बसत नाही. तिच्या अळ्या ओला कचरा खाऊन गलेलठ्ठ होतात आणि कोंबड्यांचं खाद्य बनतात. पण अंडीच नसतील तर अळ्या आणायच्या कुठून? त्यात आठवडाभरात मिरजेचे पोल्ट्रीवाले शेड बघायला येणार होते. ऑर्डर गेली असती तर शेडला टाळं. गावात टिंगल आधीच सुरू होती : “लोकं रिटायर हून माशा मारत्यात, आमचा सुभेदार पाळतोय!”

मी तडक मेढा गाठला. आधी ऊन पाहिलं, कारण उन्हाशिवाय माश्यांची जोडी जमत नाही. जाळीच्या खोलीत ऊन भरपूर होतं. जोड्याही जमलेल्या दिसत होत्या. मग नाकात भपकारा शिरला. फिनेल!

“सुभेदार, हे काय?”

“आवं, पाव्हणे येणार न्हवं? समदं चकाचक केलंय. येक डाग दाखवा!”

फरशी आरशासारखी. कडेनं गेरू-चुन्याचे पट्टे, अगदी छावणीसारखे. आणि वासाचा डबा घासून पालथा घातलेला! मी कपाळावर हात मारला. माशी अंडी घालते ती कुजक्या मालाजवळच्या फटीत, म्हणजे पिल्लांना निघाल्या निघाल्या जेवण. त्यासाठीच डब्यात सडका माल आणि वर लाकडी पट्ट्या ठेवतात.

“तुम्ही बाळंतिणीची खोलीच धुऊन काढलीत!”

आतून काकू हसल्या. “मी सांगत हुते, पर ह्यांचं इन्स्पेक्शन कुठं थांबतंय!”

साध्या पाण्यानं फिनेल धुतलं. डब्यात सडकी स्ट्रॉबेरी भरली, वर कोऱ्या पट्ट्या बांधल्या. सुभेदार नाक दाबून उभे राहिले, पण झाडूला हात लावला नाही.

पाहुणे आले त्या दिवशी त्यांच्या साहेबांनी स्वतः एक पट्टी उचलली. फटीत पिवळसर अंड्यांचे गच्च झुपके!

“माल कधीपासून देताय?” त्यांनी विचारलं.

सुभेदारांनी त्या पट्टीला कडक सॅल्यूट ठोकला. मला तर टाळ्या आवरेनात.

आता फिनेलची बाटली काकूंच्या कपाटात कुलपात असते. स्वच्छता चांगलीच, पण कुणाच्या घरात झाडू घेऊन शिरतोय, ते आधी बघावं.